सहाशे साच्यांची अडचण

डिसेंबर १६०८ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून येशूसंघाचे महाश्रेष्ठी क्लाउदिओ आक्वाविवा यांस पत्र धाडले. मलबारात निघाली तशी पुस्तके या प्रांतातही येथील भाषेत व येथील लिपीत छापली जावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी त्यात नमूद केली. वरिष्ठांच्या आज्ञेवाचून हे काम होणारे नव्हते, आणि दुसरी अडचण साच्यांची होती : युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील.

हा आकडा अवास्तव नव्हे. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली की चारशेवर रूपे होतात. जोडाक्षरे व रफार निराळेच. तमिळ लिपीचे खिळे गोव्यातच १५७७ साली जुआंव गोन्साल्विस यांनी कोरले होते व १५७८ मध्ये कोल्लम येथे ‘तंबिरान वणक्कम’ छापले गेले. पण तमिळमध्ये व्यंजने अठराच, आणि जोडाक्षरांचा पसाराही नाही. तेथे साधले ते येथे का साधले नाही, याचे एक कारण हे असावे.

अखेर १६१६ साली रायतूरच्या मुद्रणालयातून ‘ख्रिस्तपुराण’ निघाले ते रोमी लिपीत. ट, ड, ण, ळ यांसाठी स्टीफन्स यांनी रोमी अक्षर दुहेरी लिहिण्याची रीत अवलंबिली. ‘वैकुंठ’ लिहिताना ‘टी’ दोनदा. युक्ती नामी खरी. तथापि ज्या ओव्यांची भाषा मराठी संतपरंपरेची, त्या वाचावयास परकी लिपी शिकणे भाग पडले. लिपी निवडताना वाचकही निवडला जातो, हे आपल्या पुराव्यांत पुरेसे मांडले गेलेले नाही. नागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात होते, पण छापील नागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी काढली ती १९५६ साली.

श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी मराठी व्याकरण (१८०५) नागरी खिळ्यांत छापले, तर १८१० च्या कोशास मोडी घेतली. तेथेही वाचक कोण, हाच प्रश्न होता.

संगणकाने तोच पेच नव्या रूपात आणला. १९८८ च्या ‘इस्की’ संकेतप्रणालीने व १९९१ च्या युनिकोडने जोडाक्षरांस क्रमांक दिलेच नाहीत. मूळ वर्ण, मात्रा व हलन्त यांस दिले, आणि जोडणी फाँटवर सोपविली. सहाशेंचे ओझे अशा रीतीने शंभराच्या आसपास आले. मधल्या काळात मात्र अनेकांनी रोमी अक्षरांच्या जागी नागरी तुकडे बसविले, आणि तेही आपापल्या क्रमाने. आमच्याकडे अशाच फाँटमध्ये टंकिलेली प्रार्थनापुस्तिका होती. दुसऱ्या यंत्रावर ती उघडली तेव्हा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’च्या जागी निरर्थक रोमी चिन्हे उमटली. धर्मशिक्षकांनी जुनी छापील प्रत समोर ठेवून सारी पुस्तिका पुन्हा टंकित केली.