माशाच्या काट्यातून सापडणारं कारण



कामाच्या ठिकाणी काही बिघडलं की पहिला प्रश्न येतो, "कुणी केलं?" गटाचे पापड चिरले की पीठ मळणारीकडे बोट जातं. आज मी "का झालं?" हे चित्र काढून शोधणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे.

सुरुवात आपल्या पलूस तालुक्यातून करू. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. हे लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत असताना कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग रंग सोडून ते यंत्रांची चित्रं काढायला लागले, आणि नांगराचा कारखाना उभारण्याआधी मुंबईत तोच विषय शिकवत होते. यंत्र आधी कागदावर उतरतं आणि मग भट्टीत जातं, ही रीत आपल्याकडे तेव्हापासूनची.

पण यंत्राचं चित्र वेगळं आणि अडचणीचं चित्र वेगळं. हे दुसरं काम १८५८ साली एका बाईनं करून दाखवलं. परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या आजारांनी जास्त मेले, हे तिला सरकारच्या गळी उतरवायचं होतं. आकड्यांचे तक्ते मोठी माणसं वाचत नाहीत. म्हणून तिनं भाकरीचे चतकोर पाडावेत तशी गोल आकृती काढली. एका महिन्याचा एक तुकडा, जितके मृत्यू जास्त तितका तुकडा मोठा. आजाराचे तुकडे एवढे मोठे होते की नजर चुकवणं कठीण.

जपानमध्ये काओरु इशिकावा नावाच्या प्राध्यापकांनी १९४३ साली कावासाकीच्या कारखान्यात इंजिनिअरांना समजावताना आणखी सोपी आकृती काढली. एक आडवी रेघ, म्हणजे माशाचा कणा. उजवीकडे डोकं, त्यात अडचण लिहायची. कण्याला तिरपे काटे जोडायचे. एक काटा माणसांचा, एक हत्यारांचा, एक मालाचा, एक कामाच्या पद्धतीचा. प्रत्येक काट्यावर "का?" विचारत बारीक काटे काढत जायचं. (आपल्यातल्या माळकरी बायांनी झाडाची फांदी काढली तरी चालेल, इशिकावा रागावणार नाहीत.) १९६२ पासून जपानमध्ये कामगारांचे छोटे गट कामाच्या जागीच एकत्र बसून ही आकृती काढू लागले. १९८० नंतर हैदराबादच्या भेल कारखान्यातून ही पद्धत भारतात पसरली. माझ्या मते खरी गंमत या बसण्यात आहे. साहेबानं एकट्यानं खोलीत काढलेला मासा काही कामाचा नाही. पीठ मळणारी, लाटणारी, वाळवणारी, तिघी बसल्या तरच कळतं की पापड चिरले ते दुपारच्या कडक उन्हात घातले म्हणून, आणि तेव्हा घातले कारण सकाळी नळाला पाणी आलं नव्हतं.

आता पापडाहून जड गोष्ट. आपल्या सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांना दरवर्षी बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. जत, आटपाडी, माणमधल्या बायाही कोयता घेऊन बाहेर पडतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कित्येकींची तर ऐन तरुण वयात.

"कुणी केलं?" असं विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं, डॉक्टरांनी. ते खोटं नाही. कॅन्सरची भीती घालून पैसे उकळणारे निघालेच. पण माशाच्या डोक्यात ही शस्त्रक्रिया लिहा आणि काटे काढा. बाई दवाखान्यात का गेली? अंगावरून जातं, पोटात दुखतं. ते का? फडात पाणी नाही, संडास नाही, पाळीचं कापड धुवायला आडोसा नाही, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. मग दोन दिवस विश्रांती का घेत नाही? खाडा पडला तर दंड कापला जातो. दंड का परवडत नाही? कारण हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीनं फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून बाईच्या नावावर वेगळी मजुरीच नसते. पोरीचं लग्न लहानपणी का उरकतात, याचाही एक काटा या कोयत्यापाशीच येऊन मिळतो.

प्रशिक्षणाला येणारे लोक फळ्यावर मासा काढतात, तेव्हा मजुरीचा काटा बहुधा काढत नाहीत. स्वच्छता, सवयी, अज्ञान, एवढ्यावर मासा संपतो. आपण काढला तर उचलीचा आणि दराचा काटा सगळ्यात आधी काढावा, असं मला वाटतं.

बीडमध्ये पुढे नियम झाला की खासगी दवाखान्यानं गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. चांगलं झालं. पण तो एका काट्यावरचा इलाज. खाड्याचा दंड, उचल आणि फडातलं पाणी हे काटे मुकादम आणि कारखान्याकडे बोट दाखवतात. त्यातले बरेच कारखाने आपल्याच तालुक्यांत आहेत, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांचे त्यात शेअर आहेत. वार्षिक सभेची नोटीस त्या घरांत येते.