नकाशातले रिकामे चौकोन

2008 साली जपानच्या एनटीटी कम्युनिकेशन्समधले अभियंते शिन मियाकावा यांनी तंत्रज्ञांपुढे एक साधं प्रात्यक्षिक मांडलं. पडद्यावर गूगल मॅप्स. ग्राहकाला एका वेळी तीस कनेक्शन उघडू दिली, तेव्हा नकाशा पूर्ण उमटला. मर्यादा वीसवर आणताच काही चौकोन रिकामे राहिले. पंधरा, दहा असं उतरत पाचवर आल्यावर नकाशा म्हणावं असं फारसं काही उरलं नाही. नेटचा वेग कुणी कमी केला नव्हता. आवळली होती ती एकाच वेळी उघडता येणाऱ्या कनेक्शनांची संख्या.

ही संख्या मोजायची वेळ आली ती इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या टंचाईमुळे. 1981 साली पक्क्या झालेल्या आयपीव्ही4 या पत्तापद्धतीत पत्ता 32 बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे 429 कोटी. प्रयोगशाळा आणि विद्यापीठांपुरत्या त्या जाळ्याला ते अफाट वाटले आणि वाटपही सढळ हाताने झालं. अमेरिकेतल्या एकट्या एमआयटीकडे 1 कोटी 67 लाखांहून अधिक पत्ते होते. आशियात मोबाइल इंटरनेट घरोघरी पोचेपर्यंत कोठार रिकामं होत आलं होतं. 3 फेब्रुवारी 2011 रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना वाटून झाले. त्याच एप्रिलपासून आशिया-पॅसिफिकच्या एपनिकने रेशनिंग सुरू केलं: एका सदस्याला जास्तीत जास्त 1,024 पत्ते. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला एवढंच.

त्यावरचा तोडगा मात्र जुना होता. मे 1994 मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी ‘नॅट’ची पद्धत मांडली होती. आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना ते सार्वजनिक पत्त्यात बदलायचे. पुढे त्याला पोर्ट क्रमांकांची जोड मिळाली. चाळीचा पत्ता एक आणि खोली नंबर वेगवेगळे, तसं एका पत्त्यामागे कितीतरी यंत्रं नांदू लागली.

घरातल्या दोन-चार यंत्रांना हे पुरलं. मोबाइल कंपन्यांनी लाखो ग्राहक अशाच पत्त्यांमागे बसवले, तेव्हा खोल्या कमी पडू लागल्या. उघडलेलं प्रत्येक कनेक्शन एक पोर्ट अडवतं आणि एका पत्त्यामागे पोर्ट 65,536. पहिले 1,024 बाजूला ठेवले तर उरतात 64,512. प्रत्येकाला हजार दिले, तर ग्राहक मावतात जेमतेम 64. त्यातल्या एकाच्या फोनमध्ये व्हायरस शिरला किंवा फाइल-शेअरिंगच्या अ‍ॅपने शेकडो कनेक्शन उघडली, तर बाकीच्यांसाठी जागाच राहत नाही. म्हणून एप्रिल 2013 मध्ये आरएफसी 6888 या दस्तऐवजाने अशा यंत्रणांसाठी दंडक घातला: प्रत्येक ग्राहकाच्या पोर्टांवर मर्यादा घालण्याची सोय असलीच पाहिजे. आकडा किती, हे मात्र कंपन्यांवर सोडलं. शेजाऱ्याचा वाटा राखणारा हा नियम आवश्यकच होता, पण आकडा हात आखडून ठरवला की त्याचा फटका थेट ग्राहकाला बसतो.

हा फटका ओळखणंही अवघड. आधी उघडलेलं चॅट चालू राहतं, गाणं वाजत राहतं. फक्त नवं पान पांढरं राहतं. मर्यादा संपल्याचा संदेश स्क्रीनवर येत नाही. ग्राहक रेंजला दोष देतो आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करतो.

वापरणाऱ्याची भूकही वाढतच होती. 1999 च्या एचटीटीपी 1.1 या वेबच्या नियमावलीने ब्राउझरला एका सर्व्हरशी दोनच कनेक्शन ठेवण्याचा सल्ला दिला होता. दशकभरात प्रमुख ब्राउझर सहावर गेले. मियाकावांच्या मोजणीत काही न करता बसलेला संगणकही 5 ते 10 कनेक्शन धरून होता, आणि आयट्यून्स 230 ते 270. मे 2015 मध्ये आलेल्या एचटीटीपी 2 ने एकाच कनेक्शनवरून अनेक मागण्या नेण्याची वाट काढली आणि हा ताण थोडा हलका झाला.

टंचाईचं मूळ दुखणं मिटतं ते आयपीव्ही6 च्या 128 बिटांच्या पत्त्यांमुळे. सप्टेंबर 2016 मध्ये सुरू झालेल्या जिओने आपलं जाळं पहिल्यापासून आयपीव्ही6 वर उभं केलं आणि भारताचा या पत्त्यांचा वापर झपाट्याने वाढला. त्या वाटेने जाणाऱ्या फोनला पोर्ट वाटून घ्यावे लागत नाहीत. पण अनेक संकेतस्थळं अजून फक्त जुन्या पत्त्यावर राहतात. ती उघडताना फोनची मागणी पुन्हा नॅटच्या सामायिक दारातून जाते आणि तिथे ग्राहकागणिक पोर्ट मोजले जातात.