दशमीच्या दुपारपासून द्वादशीच्या सकाळपर्यंत

माझ्या माहेरी, सोलापुरात, एकादशीला स्वयंपाकघराला सुट्टी नसे, उलट जादा पाळी असे. एका बाजूला साबुदाण्याची खिचडी, दुसऱ्या बाजूला वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी, वर रताळ्याच्या काचऱ्या. ज्यांचा उपवास नाही त्यांची पोळी-भाजी वेगळीच. लग्न होऊन बेंगळुरात चामराजपेटेत आले, आणि पहिल्याच एकादशीच्या आदल्या रात्री सासूबाईंना विचारलं, "साबुदाणा भिजवू ना?" त्या म्हणाल्या, "कुणासाठी ग? पाहुणे येणारेत का?"

सासर मराठी बोलणारं, देशस्थ माध्वांचं. त्यांच्याकडे एकादशी एका दिवसाची नसते. दशमीला दुपारी एकदाच जेवायचं, रात्री नाही. एकादशीला काही नाही; कडक पाळणारे पाणीसुद्धा घेत नाहीत. द्वादशीला सकाळी पारणं, आणि त्या रात्री पुन्हा जेवण नाही. दशमीला दुपारी एकला पान उचललं आणि द्वादशीला सकाळी सातला पारणं केलं, तर मध्ये बेचाळीस तास जातात. माझी सून फोनमध्ये बघून सोळा तासांचा उपवास करते आणि संपला की सगळ्यांना कळवते.

पारण्याची वेळ पंचांगातून काढायची. द्वादशी तिथी सूर्योदयानंतर थोडीच उरलेली असली, तर तेवढ्यात घास पोटात गेला पाहिजे. मग बायका पहाटे तीनला उठून न्हाऊन मूगडाळ चढवणार. पारण्याला हादग्याचा पाला हवा, आवळा हवा. आमच्या घरच्या पुरुषांना द्वादशीची महती तोंडपाठ होती, हादगा कोण निवडतं ते ठाऊक नव्हतं. एकादशीची विश्रांती द्वादशीला व्याजासकट वसूल व्हायची. तरीही एक गोष्ट मी सासरच्या बाजूने बोलेन: महिन्यातून दोन दिवस तरी ओटा खरोखर कोरडा राहायचा. माहेरी तो कधीच राहिला नाही.

चातुर्मास तर चार महिन्यांचं वेळापत्रकच. पहिल्या महिन्यात भाज्या बंद, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी आणि कडधान्यं.

माहेरची बाजूही सांगते, कारण ती जास्त मजेशीर आहे. उपवासाचे म्हणून आपण जे पदार्थ पवित्र मानतो ते बहुतेक परदेशी. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची हे सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आलेलं. ज्ञानेश्वरांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. साबुदाणाही तसाच. तो ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडचा माल अडला, तेव्हा 1943 च्या सुमारास सेलमच्या माणिकम चेट्टियार यांनी टॅपिओकापासून साबुदाणा करायला घेतला, आणि पुढे तो धंदा सेलमभोवती वाढला. सेलम इथून दोनशे किलोमीटरवर. म्हणजे सोलापूरची खिचडी माझ्या सासरच्या शेजारातून जाते, आणि सासरी ती कुणी खात नाही.

आमची चामराजपेट 1892 ला वसवली. किल्ल्याच्या पश्चिमेला, सरळ मेन रोड, आडवे क्रॉस आणि घरांच्या पाठीमागून सफाईसाठी बोळ. नाव चामराजेंद्र वडियारांचं. ते 1894 ला वारले. 1898 च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम झाले, आम्ही त्याआधीचे. मराठी माणूस तर इथे त्याहून कितीतरी जुना. 1638 नंतर बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. जवळच गवीपुरात गोसावी मठ आहे, आणि भावसार क्षत्रियांच्या विठ्ठलमंदिरांत आषाढीला भजन-दिंडी असते.

रामनवमीला फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडतो. श्रीरामसेवा मंडळीने 1939 साली तिथे संगीतोत्सव सुरू केला, एम. एस. सुब्बुलक्ष्मी तिथे गायल्या आहेत. गाणं ऐकायला येणाऱ्यांपेक्षा पानक-कोसंबरीला येणारे जास्त, असं सासरे म्हणत. पानक म्हणजे गुळाचं पाणी, वेलची, सुंठ, लिंबू. कोसंबरीला मूगडाळ भिजवून निथळायची, काकडी बारीक चिरायची, ओलं खोबरं, वर मोहरीची फोडणी. मीठ मात्र वाढायच्या क्षणी. आधी घातलं की काकडी पाणी सोडते आणि डाळ त्यात पोहते. आमच्या घरी सुंठवडाही होतो, तो मी आणला.

पेटेत ईदगाह मैदानही आहे. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, तो विषय वेगळा. रमजानमध्ये शेजारच्या घरांत सहरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता भिंतीवर लागतो, मिनिटांसकट, जशी आमच्या पंचांगात पारण्याची वेळ. 2023 ला रमजान 24 मार्चला लागला आणि 30 मार्चला रामनवमी आली. त्या दिवशी दुपारी एका घरी पानक वाटलं गेलं, आणि शेजारच्या घराचा वाटा सूर्यास्तापर्यंत झाकून ठेवला.

मग घड्याळ डॉक्टरांच्या हाती गेलं. महाराष्ट्रात नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकरांनी दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. 2004 ला ते अपघातात गेल्यावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघर नेला. दोन जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, अधेमधे काही नाही. माझा सोलापूरचा भाऊ ते पाळतो आणि भेटला की इन्सुलिनवर व्याख्यान देतो. विज्ञान त्याच्याइतकं खात्रीने बोलत नाही. 2022 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास आला. 139 लठ्ठ माणसं, सगळ्यांना वर्षभर कमी कॅलरीचा आहार, त्यातल्या एका गटाने सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्यातच खायचं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कमी खाल्लं म्हणून उतरलं. घड्याळाचा वेगळा हात दिसला नाही.

सासूबाई कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांचं इंग्रजी लॅबच्या कागदांवर वाढलं. फास्टिंग, पीपी, एचबीएवनसी, बीपी, क्रिएटिनिन हे शब्द त्या भाजीच्या भावासारखे सहज बोलत. एकदा द्वादशीला पहाटेच रक्त द्यायला गेल्या. तिथल्या मुलीने विचारलं, "अज्जी, फास्टिंग किती तास?" त्यांनी सांगितलं, "दशमीपासून." मुलीने रजिस्टरमध्ये बारा लिहिलं.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते घाबरले. साखरेची गोळी चालू असताना बेचाळीस तास उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे त्यांनी कन्नडमध्ये, मग मराठीत, मग पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं. आजारी आणि म्हाताऱ्या माणसाला तुमच्या धर्मातच सूट आहे की, असंही म्हणाले. "ती आजाऱ्याला," सासूबाई म्हणाल्या, "मला नुसती शुगर आहे." शेवटी मठातल्या आचार्यांना फोन लावावा लागला. एकादशीला दूध आणि फळं घ्यायची, असं ठरलं. गोळीचं डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं, आणि तो कागद पंचांगाच्या आत राहू लागला.