क्लाउड सँडबॉक्स
क्लाउड सँडबॉक्स : खासगी वा सार्वजनिक रिपॉझिटरीतील (कोडसंग्रहातील) कोड दूरस्थ सर्व्हरवरील विलग व अल्पायुषी परिसरात चालविण्याची व्यवस्था.

विलगीकरणाचे मूळ युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील (1979) ‘सीएचरूट’मध्ये असून, फ्रीबीएसडीतील ‘जेल’ (2000), डॉकर (2013) व फायरक्रॅकर (2018) हे त्याचे पुढील टप्पे होत [→ आभासी यंत्र]. असे दूरस्थ सर्व्हर क्लाउड केंद्रांत असतात; महाराष्ट्रात मायक्रोसॉफ्टने पुण्यात 2015 मध्ये व अ‍ॅमेझॉनने मुंबईत 2016 मध्ये अशी केंद्रे सुरू केली.

खासगी रिपॉझिटरीच्या मालकाने दिलेले मुदतबंद व मर्यादित अधिकारांचे टोकन (प्रवेशाचा सांकेतिक परवाना) सादर झाल्यावर कोडची प्रत परिसरात उतरते, बाह्य संपर्काची मुभा सामान्यतः मंजूर यादीतील पत्त्यांपुरतीच राहते, आणि काम संपताच केलेले बदल स्वतंत्र शाखेत रुजू होऊन परिसर नष्ट केला जातो. हा परिसर कंटेनर किंवा आभासी यंत्र या स्वरूपात असतो; कंटेनर यजमान यंत्राचेच कर्नल (कार्यकारी प्रणालीचा गाभा) वापरतो, तर आभासी यंत्रास स्वतःचे कर्नल असल्याने त्यातील विलगता अधिक दृढ असते [→ कर्नल].

अपरिचित कोडचा उपद्रव यजमान यंत्रापर्यंत पोहोचू न देणे, हे या व्यवस्थेचे मुख्य प्रयोजन होय. तथापि बाह्य संपर्कावर वरील मर्यादा न घातल्यास परिसरात ठेवलेले पासवर्ड व किल्ल्या नेटवर्कमार्गे बाहेर जाऊ शकतात [→ संगणक सुरक्षा]. कोडसोबत व्यक्तिगत माहिती असल्यास तिच्या संरक्षणाविषयीचा भारतीय कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023.