मोटारसायकलची प्रवासपूर्व तपासणी
गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी टायर, ब्रेक, चेन, दिवे व इंजिन ऑइल पाहून घेण्याची पद्धत. सोलापुरात तिचा मुख्य भर टायरवर असायला हवा, कारण इथल्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. हवा कमी असलेला टायर धावताना जास्त दबतो, आतून तापतो आणि तुळजापूर किंवा अक्कलकोटच्या वाटेवर डबलसीट ओझ्याखाली फुटू शकतो. हवा टायर थंड असतानाच मोजावी. तापल्यावर दाब वाढतो आणि कमतरता झाकली जाते. सर्व्हिसिंग वेळेवर होते, मग रोज कशाला पाहायचे, हा आक्षेप टिकत नाही: सर्व्हिसिंग काही महिन्यांनी येते, खिळा मात्र एका रात्रीत हवा घालवतो. एबीएसचा भरवसाही अपुरा आहे. 2019 पासून 125 सीसीवरील नव्या गाड्यांना ते बंधनकारक आहे, पण ते फक्त चाक जाम होऊ देत नाही. गुळगुळीत टायरला पकड देणे त्याच्या हाती नाही.

ऊस गाळपाच्या हंगामात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर, मागचा दिवा जीव राखतो. तो चालकाला बसल्या जागेवरून दिसत नाही, म्हणून गाडी भिंतीजवळ उभी करून दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबावेत व भिंतीवरचा उजेड पाहावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 190 साध्या काळजीने लक्षात आला असता अशा धोकादायक दोषासाठीही चालकाला जबाबदार धरते.