पणजीच्या लुगड्याचा काठ हिरवा होता का?

बेंगळुरूची चामराजपेट वसली 1892 साली, दहावे चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाने. तेव्हा स्टुडिओत फोटो एकरंगीच निघायचा. रंग हवा असेल तर चित्रकार तो ब्रशने, हव्या त्याच जागी भरायचा. समजा, त्या पेठेतल्या एका मराठी घरात पणजीचा असा फोटो आहे. कुंकू लाल, नथ पिवळी, लुगड्याचा काठ हिरवा. बाकी सगळं फिकट.

हा हिरवा रंग पुरावा मानायचा का? त्या काळच्या साध्या प्लेटवर निळ्या प्रकाशाचा ठसा चटकन उमटे, लालचा जवळजवळ नाहीच. म्हणून लाल लुगडं काळपट दिसे, निळं फिकट. चित्रकारापुढे फक्त करड्या छटा असत. रंग तो गिऱ्हाइकाला विचारून भरी, नाहीतर अंदाजाने.

आज आपण तोच फोटो स्कॅन करतो, काठ तेवढा निवडतो आणि सॅच्युरेशन वाढवतो. सॅच्युरेशन म्हणजे रंग करड्यापासून किती दूर आहे ते. निव्वळ करड्यात वाढवायला काहीच नसतं. मग गडद काय होतं? चित्रकाराचा अंदाज, आणि जुन्या कागदावर चढलेला पिवळेपणा.

हौस जरूर करा, पण प्रतीवर. मूळ स्कॅन तसाच ठेवा आणि कुठला रंग वाढवला ते प्रतीसोबत लिहा. नाहीतर पणजीचा काठ पोपटी होता, असं नातवंडं शपथेवर सांगतील.