रग्बी : खेळप्रकारांनुसार साहित्याची निवड

लांबट चेंडू हातात घेऊन पळणे, पास फक्त मागे किंवा आडवा देणे आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाला भिडून रोखणे (टॅकल), हा रग्बीचा गाभा. पण पंधरा जणांची, सात जणांची, नुसत्या स्पर्शाची, कमरेची पट्टी ओढण्याची, वाळूवरची आणि चाकाच्या खुर्चीवरची रग्बी यांच्या गरजा निरनिराळ्या आहेत. त्यामुळे साहित्याची खरेदी प्रकार ठरवल्यावरच करावी. आपल्याकडे बहुतेक संघ सात जणांची रग्बी खेळतात आणि साहित्य मात्र दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या पंधरांच्या सामन्याप्रमाणे मागवतात. पैसे वाया जातात ते इथे.

मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या (स्थापना १८७५) मैदानावर रग्बीचा हंगाम परंपरेने पावसाळ्यात असतो, कारण तेव्हा जमीन मऊ असते. रिओ ऑलिंपिकपासून (२०१६) सात जणांच्या प्रकाराला बळ मिळाले. भारतात गुजरात (२०२२) व गोवा (२०२३) येथील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत हाच प्रकार होता. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेली पहिली रग्बी प्रीमियर लीगही सात जणांचीच होती. पुणे, कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत जिथे नवा संघ उभा राहतो, तिथे प्रथम हाच प्रकार विचारात घेणे रास्त.

चेंडू : चार तुकड्यांचा, लांबट. पूर्ण आकाराच्या चेंडूची (क्रमांक ५) लांबी २८० ते ३०० मिमी. आणि वजन ४१० ते ४६० ग्रॅम असते. पंधरा आणि सात या दोन्ही प्रकारांत प्रौढांना हाच चेंडू लागतो. साधारण दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना क्रमांक ४ आणि त्याहून लहानांना क्रमांक ३ द्यावा. लहान पंजात मोठा चेंडू बसत नाही. मूल तो छातीशी कवटाळते आणि पास देण्याची सवय लागतच नाही. पृष्ठभागावरचे बारीक रबरी दाणे पकडीसाठी असतात. चिखल वाळून दाण्यांमध्ये बसला की चेंडू साबणासारखा निसटतो, म्हणून सरावानंतर तो साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. हवेचा दाब ९.५ ते १० पौंड प्रति चौरस इंच हवा. उन्हात पडलेल्या चेंडूतला दाब वाढतो. तेव्हा मे महिन्यात विदर्भात तो खेळाआधी तपासून घ्यावा. जालंधर हे रग्बी चेंडूंच्या उत्पादनाचे आणि निर्यातीचे जुने केंद्र असल्याने चांगला चेंडू परदेशातून मागवण्याची गरज नाही.

बूट : इथे खेळप्रकाराइतकाच जमिनीचा विचार करावा लागतो. नागपूरच्या पश्चिमेला, संत्र्याच्या पट्ट्यातले काटोल हे त्याचे चांगले उदाहरण. इथली काळी माती पावसात बुटाला थरावर थर चिकटते. तळव्याचे खुंट, म्हणजे स्टड, दाट व आखूड असतील तर तळवा सपाट होतो आणि खेळाडू घसरतो. अशा वेळी मोजके, लांब, स्क्रूने बसणारे स्टड सोयीचे, कारण त्यांच्यातला चिखल आपोआप सुटतो. नियमाने स्टडची लांबी २१ मिमी.पर्यंत चालते, मात्र बुटाच्या टोकाला एकटा स्टड चालत नाही. उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी टणक होते आणि तिला भेगा पडतात. तेव्हा लांब धातूचे स्टड घालणे म्हणजे घोट्याला दुखापतीचे आमंत्रण. अशा जमिनीवर तळव्याला जोडूनच घडवलेले आखूड रबरी स्टड वापरावेत, आणि भेगा बुजवल्याशिवाय टॅकलचा खेळ घेऊच नये. एकच जोड परवडणार असेल तर आखूड स्टडचा घ्यावा. फुटबॉलचे बूटही चालतात. पंधरांच्या खेळात स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटतात तेव्हा, आठ-आठ जण रेटा लावतात, म्हणून पुढच्या फळीला भक्कम, आठ स्टडचा बूट हवा. सातच्या खेळात स्क्रम तिघांचा आणि धाव फार. तिथे हलका बूट बरा.

अंगरक्षण : दातांचा गार्ड नियमाने सक्तीचा नसला, तरी टॅकल असलेल्या प्रत्येक प्रकारात, सरावातसुद्धा, तो घालावाच. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचा साधा गार्डही पुरतो. दुसऱ्याचा वापरू नये. डोक्यावरच्या मऊ टोपीबद्दल मोठा गैरसमज आहे. ती कान आणि टाळूची कातडी वाचवते. मेंदूला बसणारा हादरा रोखत नाही. तालमीतल्या पैलवानाचे मोडलेले कान ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिचा खरा उपयोग कळेल. पंधरांच्या पुढच्या फळीसाठी ती योग्य, सातसाठी ऐच्छिक. खांद्याच्या पॅडची जाडी १ सेंमी.पेक्षा जास्त चालत नाही. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर काढणे हेच खरे संरक्षण; ते विकत मिळत नाही.

पोशाख : जर्सीची बाही खांद्यापासून कोपरापर्यंतच्या निम्म्या अंतरापर्यंत तरी यावी लागते, म्हणून कबड्डीची बिनबाह्यांची जर्सी सामन्यात चालत नाही. साखळी, अंगठी, चेनचा किंवा बकलचा कपडा वर्ज्य. सातच्या स्पर्धेत एका दिवसात अनेक सामने होतात, म्हणून जर्सी आणि मोज्यांचे दोन संच ठेवावेत.

किकची टी : पंधरांत ट्रायनंतरची (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्यानंतरची) किक चेंडू जमिनीवर ठेवून मारतात, त्यासाठी टी, म्हणजे चेंडू उभा ठेवायची छोटी बैठक, लागते. सातमध्ये ती ड्रॉप किकने, म्हणजे चेंडू हातातून सोडून जमिनीवरून उसळताच, मारतात. टीचे कामच नाही. तरीही सातच्या संघांच्या यादीत ती हमखास दिसते.

इतर प्रकार : स्पर्शाच्या रग्बीत टॅकल नसते, साधे बूट पुरतात, स्क्रूचे स्टड चालत नाहीत. पट्टीच्या रग्बीत कमरेच्या पट्ट्याला दोन फिती असतात. फीत ओढली की टॅकल झाले. शाळेतल्या मुलामुलींना एकत्र शिकवायला याहून सुरक्षित आणि स्वस्त मार्ग नाही. वाळूवर अनवाणी खेळतात. खुर्चीवरची रग्बी बंदिस्त सभागृहात, चौघांच्या संघात, व्हॉलीबॉलसारख्या गोल चेंडूने होते. तिथे धडक सोसणारी खास खुर्ची हाच मोठा खर्च, आणि हातमोजेही लागतात.

सरावाचे साहित्य : स्क्रम यंत्र फक्त पंधरांच्या संघाला हवे. टॅकल शिकवायला कुस्तीचा आखाडा उत्तम. तिथली भुसभुशीत लाल माती पडणाऱ्याला सांभाळून घेते.

नव्या शाळासंघाने आधी वयाला साजेसे चेंडू, पंप, सुई आणि फितींचे पट्टे घ्यावेत. टॅकल सुरू करण्याआधी प्रत्येकाला दातांचा गार्ड द्यावा. बुटांचा निर्णय मैदान पाहून करावा. टोप्या आणि पॅड यांचा विचार त्यानंतर करावा.